जास्तीचं टिंब

…आणि वर मलाच म्हणते, "आजी, एकदा चेक करून घ्या!" मला! पंचेचाळीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढून जिची बोटं लाल शाईनं रंगली त्या बाईला! अहो, तुम्हाला सांगते, मला काहीही म्हणा, म्हातारी म्हणा, खडूस म्हणा, 'हिच्या जिभेला हाड नाही' म्हणा… हाड कुणाच्याच जिभेला नसतं, तो भाग वेगळा… पण 'चेक करून घ्या' म्हणू नका. तो शब्द कानावर पडला की माझ्या डोक्यात तिडीक जाते.

का म्हणून विचारा. नाही, विचाराच. घराबाहेर पाऊल टाकलं की छापखान्याच्या फाटकावरचा रखवालदार, "आजी, पिशवी चेक." पिशवीत काय असणार माझ्या? भिंग, लाल पेन आणि पोळीचा डबा! बसमध्ये तिकीट बघणारा, तो चेकर. बँकेतला कागद, तो चेक. माझ्या नणंदेच्या साडीवरचे चौकडे, ते चेक्स. समोरच्या सभागृहात एक जण माइकवर फुंकर मारून तासभर ओरडतो, "हॅलो, चेक… चेक…" आणि मग भाषणच होत नाही. बाकावर दोन म्हातारे बुद्धिबळ मांडून बसतात, त्यातला एक परवा म्हणतो, "चेक!" मी जाता जाता म्हटलं, "शह म्हणा हो, शह! राजा मरतोय, निदान त्याला कळेल अशा भाषेत मारा!" एवढासा शब्द, आणि दहा घरची धुणीभांडी त्याच्याच गळ्यात. एक तरी काम धड होईल का त्याच्याकडून?

आणि आपल्याकडे काय शब्दांचा दुष्काळ पडला होता? धान्य आपण निवडतो. कापड चाचपतो. मडकं वाजवून घेतो. मीठ चाखतो. दूध नासलं का ते हुंगतो. आकडे पडताळतो, सोनं पारखतो, बातमीची शहानिशा करतो, आणि माणूस… माणूस जोखतो. बघा! एकेका शब्दाला एकेक अवयव आहे. निवडायला बोटं, चाचपायला तळवा, वाजवायला कान, चाखायला जीभ. चेक करायला काय लागतं? काहीसुद्धा नाही! चेकला अवयवच नाही. म्हणून तर जो तो 'चेक केलं' म्हणून मोकळा होतो आणि कुणी काही केलेलं नसतं.

हे सगळं मी त्या दिवशी छापखान्यात अक्षरं जुळवणाऱ्या बाईला, आमच्या जुळारणीला सुनावलं. उभ्या उभ्या. आणि तिथूनच सगळं बिघडलं. थांबा, सांगते.

आधी मी कोण ते कळू द्या. शाळा तिसरीपर्यंत, तीही अर्धीच. लग्नानंतर छापखान्यात लागले ती छापलेल्या कागदांना घड्या घालायला. तेव्हा शिशाचे खिळे होते. एकेक अक्षराचा खिळा, आणि खिळ्यावर अक्षर उलटं. मी वाचायला शिकले ती त्या उलट्या अक्षरांवरून, कुणाच्या बापाला न विचारता. सरळ अक्षर मला नंतर भेटलं, आणि खोटं कशाला बोलू, मला ते जरा शिष्टच वाटलं. विरामचिन्हं तर मला कुणीच शिकवली नाहीत. मी ती खिळ्यांच्या खणांतून वेचली. स्वल्पविरामाचा खण ऐसपैस, कारण माणसाला दम फार लागतो. उद्गारचिन्हाचा एवढासा, आणि लेखक म्हणवणारी मंडळी तो दोन दिवसांत फस्त करायची! अर्धविरामाच्या खणात धूळ. थांबावं की जावं हे ज्याचं ठरत नाही त्याच्यासाठी आहे ते चिन्ह. आमच्या घरात ते फक्त वन्संना जमतं.

वन्सं म्हणजे माझी नणंद. ह्यांची धाकटी बहीण, पण माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. लग्न केलं नाही. "एका घरात दोन तऱ्हेवाईक पुरे," म्हणायच्या. हे गेले, वन्सं राहिल्या, आणि आम्ही दोघी आजतागायत जोडीनं छापखान्यात जातो. काम काय? लेखकाची मूळ प्रत वन्संच्या हातात, प्रूफ माझ्या हातात. वन्सं मोठ्यानं वाचणार, मी ओळीवरून बोट फिरवणार. आणि वाचायचं म्हणजे सगळं वाचायचं, चिन्हांसकट. "रुग्ण आला स्वल्पविराम बसला स्वल्पविराम आणि म्हणाला दुहेरी अवतरण सुरू…" प्रत्येक चिन्हाला मी प्रुफात बघून म्हणायचं, "आहे." स्वल्पविराम? आहे. पूर्णविराम? आहे. मी 'आहे' म्हटल्याशिवाय वन्सं पुढे सरकत नाहीत. शेवटच्या प्रुफाला हे जोडीचं वाचन झाल्याशिवाय आमच्याकडे यंत्र सुरू होत नाही, हा थोरल्या मालकांपासूनचा रिवाज. इतकी सवय की आम्ही घरी भांडतोही तशाच. "वहिनी स्वल्पविराम दूध उतू चाललंय उद्गारचिन्ह!" आणि मी ओट्याकडे पळता पळता ओरडते, "आहे!"

पंचेचाळीस वर्षांत माझं 'आहे' कधी खोटं पडलं नव्हतं. हे लक्षात ठेवा.

तर छापायला आली एक पुस्तिका. तळहाताएवढी. दवाखान्यातल्या परिचारिकांनी खिशात बाळगायची, तान्ह्या बाळांना कुठलं औषध किती द्यायचं त्याची. जुळवली जुळारणीनं. आता खिळे गेले, संगणक आला, सगळे तिला काहीतरी भलतंच म्हणतात, पण जुळवते ती जुळारीण. पस्तिशीची बाई, दोन पोरं पदरात, नवरा दूर कुठेतरी नोकरीला आहे असं ती सांगते आणि आम्ही पुढचं विचारत नाही. हाताला वेग असा की बघत राहावं. पण तोंडात सारखं तेच! "आजी, चेक केलंय. आजी, तुम्ही पण एकदा चेक करून घ्या."

पहिलं प्रूफ आलं. मी भिंग उजव्या डोळ्याला लावलं, डावा मिटला, सोनारासारखा, तो तसाही लहानपणापासून अधू, ही माझी जुनी पद्धत… आणि बघते तर काय! टिंबंच टिंबं! ओळीच्या मधे टिंब, समासात टिंब, शब्दाच्या डोक्यावर टिंब. आमच्या आज्यापणज्यांच्या वेळी लिहायचे पण बोलायचे नाहीत असे अनुस्वार होते ना, ते सगळे हद्दपार झालेले अनुस्वार या पुस्तिकेत आसऱ्याला आले की काय? एक्केचाळीस मोजली. एकेकाला लाल शेपटी काढली. शेपटी म्हणजे 'काढून टाका'.

जुळारीण कागद घेऊन आली. "आजी, इथे टिंब नाहीये."

"नाहीये? मग मी काय ढेकूण मारत होते?"

"मी पडद्यावर मोठं करून चेक केलंय हो."

"चेक कसलं करतेस? बघ! डोळ्यांनी बघ! घरी काढून ठेवून येतेस का गं डोळे?"

हे मी बोलले. चारचौघांत. हेही लक्षात ठेवा.

दुसरं प्रूफ. टिंबं अडतीस. पण गंमत अशी की पहिल्या जागेवरची गेलेली, आणि नवीनच जागी उगवलेली! आता मात्र मी गेले मालकांकडे. हे आत्ताचे मालक, पन्नाशीचे, माझ्यासमोर शाळकरी पोरासारखे उभे राहतात. त्यांनी छपाईयंत्र पुसून घेतलं, कागदाचा गठ्ठा बदलला, शेवटी जुळारणीला बोलावून म्हणाले, "आजी आहेत म्हणतात म्हणजे आहेत. पुढच्या प्रुफात टिंबं निघाली तर मला दुसरी बाई बघावी लागेल."

ती माझ्या टेबलाशी आली, खाली मान घालून म्हणाली, "आजी, आता मी वाद नाही घालत. जिथे तुमची लाल शेपटी, तिथे जे काय असेल ते उडवते. मला नोकरी हवीये."

आणि मी काय म्हणाले असेन? "आली अक्कल!"

आता एक गोष्ट सांगते, ती मी कुणाला सांगितलेली नाही. तिसरं प्रूफ आलं तेव्हा टिंबं होतीच. पण एका टिंबावर मी बोट ठेवलं… तर ते बोटाखाली गेलं नाही, बोटावर चढलं. मी बोट पदराला पुसलं. टिंब आपलं बोटावरच. मी म्हटलं, शाई असेल. म्हटलं, डोळे थकलेत. म्हटलं, शुक्रवार आहे. माणूस स्वतःशी किती नेटकं खोटं बोलतो बघा, एक काना चुकत नाही! आणि मी गप्प बसले. त्या प्रुफाला एकही शेपटी काढली नाही. मालकांना म्हटलं, "ह्या वेळी स्वच्छ आहे." त्यांना वाटलं, जुळारीण सुधारली. मीही वाटू दिलं. ती बिचारी माझ्याकडे बघून हसलीसुद्धा. मी भिंग पुसत बसले.

मग जोडीचं वाचन. वन्सं वाचतायत, मी आहे-आहे करतेय. चौदावं पान. वन्सं म्हणाल्या, "मात्रा शून्य टिंब पाच."

टिंब होतं. शून्य आणि पाच यांच्या बरोब्बर मधे, काळं कुळकुळीत. तरी माझं बोट तिथेच थांबलं. वन्सं चष्म्यावरून बघायला लागल्या. "वहिनी, आहे?"

"आहे म्हटलं ना!"

आणि मी लाल शाईनं शेवटच्या पानावर लिहिलं, 'छापण्यास हरकत नाही', खाली सही. सोमवारी सकाळी छपाई.

सोमवारी सकाळी वन्संचा डोळा दुखायला लागला. "वहिनी, माझ्याबरोबर दवाखान्यात चल, एकटीला भीती वाटते." वन्संना भीती! ज्या बाईला साप बघून म्हणे भूक लागली होती! पण म्हटलं, वय झालं. गेलो. दवाखाना छापखान्यापासून दोन गल्ल्या. खिडकीतल्या मुलीनं फॉर्म दिला. त्यावर छापलं होतं, 'मधुमेह आहे. रक्तदाब आहे. चक्कर येते.' अरे, विचारताय की निकाल देताय? मी पेन काढून तिन्ही पूर्णविरामांची प्रश्नचिन्हं केली आणि फॉर्म परत दिला. ती म्हणते, "आजी, तुम्ही काहीच चेक केलं नाहीत." म्हणजे चौकटीत खूण केली नाही! घ्या! खूण करणं तेही चेकच! "परत एकदा चेक करून घ्या," म्हणाली. मी वन्संकडे बघितलं. वन्सं भिंतीकडे बघत होत्या.

आत हाक आली ती माझ्या नावानं.

"अहो वन्सं, डोळा तुमचा दुखतोय!"

"दुखत नाहीये," वन्सं शांतपणे म्हणाल्या. "वहिनी, गेल्या आठवड्यात तू दुधातून तीनदा माशी काढलीस. तीनही वेळा दुधात माशी नव्हती. मी बघत होते." मी म्हणाले नव्हते, वन्सं म्हणजे अर्धविराम? आठवडाभर थांबल्या होत्या, आणि मग नेमक्या पुढे सरकल्या.

आता मीही काही कच्च्या गुरूची चेली नाही. बाहेर बसल्या बसल्या आधीचे चार रुग्ण तक्ता वाचत होते ते मी कान देऊन ऐकलं होतं. एकदा ऐकलेली ओळ मी विसरत नाही. डॉक्टरांनी डावा डोळा झाकला, म्हणाले, "वाचा." मी घडाघडा वाचलं. क. ट, र. म, ग, व. प, न, स, ल. अगदी तळाची मुंगीएवढी ओळसुद्धा! आणि ऐटीत शेवट केला, "…ब, द, ह, पूर्णविराम!"

डॉक्टर थांबले. "पूर्णविराम कुठे आहे, आजी?"

"तो काय, ह-च्या पुढे."

"तक्त्यावर पूर्णविराम नाही."

"मग माशी बसली असेल. भिंती पुसत जा."

त्यांनी तक्ता काढून घेतला. मागे कोरी पांढरी भिंत. टिंब भिंतीवर. ते समोर येऊन उभे राहिले. टिंब त्यांच्या पांढऱ्या कोटावर. मी मान वळवून वन्संकडे बघितलं, तर टिंब वन्संच्या नाकावर! आणि वन्सं… वन्सं रडत होत्या हो. आवाज नाही, काही नाही. नाकावर माझं टिंब घेऊन.

तुम्हाला सांगते, त्या क्षणी मला डोळ्याचं काही वाटलं नाही. मला एक्केचाळीस शेपट्या दिसल्या. त्यावर अडतीस. आणि खाली मान घातलेली ती बाई. डोळे घरी काढून ठेवून येतेस का गं!

डॉक्टरांनी थेंब घातले, बाहुली मोठी केली, दिवा मारमारून आत बघितलं. म्हणाले, "वीज चमकल्यासारखं होत होतं का?" म्हटलं, "होत होतं. मला वाटलं दिवा फडफडतोय." म्हणाले, "आतल्या पडद्याला बारीक चीर गेलीय. आजच लेझरनं शिवून टाकू. चेक करून घेतलंत ते फार बरं झालं, आजी, उशीर झाला असता तर पडदा सुटला असता." बघा, इथेही चेक! पण या माणसानं निदान अवयव वापरला होता. डॉक्टर म्हणाले, "अर्धा तास बाहेर बसा, यंत्र तयार करतो."

बसले. डोळ्यांपुढे नुसता उजेड, जग पिठात घोळल्यासारखं. आणि त्या पिठातून हळूहळू एक आकडा वर आला.

शून्य टिंब पाच.

ते टिंब… कुणाचं होतं?

दुसऱ्या प्रुफात त्याच जागी मला दोन टिंबं दिसली होती. शेजारीशेजारी. एकाला मी शेपटी काढली होती. आता तिथे एक टिंब डोळ्यातलं असेल, तर कागदावर होतं एकच! आणि जुळारीण म्हणाली होती, शेपटी असेल तिथे जे काय असेल ते उडवते. म्हणजे तिनं खरं उडवलं. आणि तिसऱ्या प्रुफात वन्सं 'टिंब' म्हणाल्या तेव्हा त्या रिकाम्या जागेवर माझंच टिंब येऊन बसलं, आणि मी म्हणाले, आहे! शून्य टिंब पाच म्हणजे अर्धं. टिंब काढा, राहतात पाच. दसपट! तान्ह्या बाळाला! आणि खाली माझी सही, हरकत नाही!

मी उठलेच. "वन्सं, फोन लावा!" वन्संनी लावला. वाजतोय, वाजतोय, उचलणार कोण? यंत्र सुरू झालं की आमच्याकडे छत कोसळलं तरी ऐकू येत नाही. म्हटलं, चला. खिडकीतली मुलगी ओरडतेय, "आजी, लेझर!" डॉक्टर बाहेर आले, "अहो, पडदा सुटेल!" मी म्हटलं, "पडदा माझा आहे, बाळं लोकांची आहेत. आलेच!"

आणि निघाल्या दोघी! एकीला दिसत नाही, दुसरीला पळवत नाही. वन्संनी मनगट धरलेलं आणि रस्त्यानं मला जग वाचून दाखवतायत, "पायरी स्वल्पविराम खड्डा स्वल्पविराम सायकल उद्गारचिन्ह!" आणि मी "आहे! आहे!" करत उड्या मारतेय. फाटकाशी रखवालदार आडवा. "आजी, पिशवी—" मी पिशवी त्याच्या अंगावर फेकली. "घे! जन्मभर चेक करत बस!"

आत यंत्र धडधडतंय. मी दारातूनच किंचाळले, "थांबवा!" पंचेचाळीस वर्षांत मी तिथे कधी किंचाळले नव्हते, म्हणून थांबलं. मालक धावत आले. "काय झालं?"

"चौदावं पान. चूक आहे."

"चूक? कुणाची?"

अहो, किती साधा प्रश्न! तीन अक्षरं आणि एक प्रश्नचिन्ह. जन्मभर मी दुसऱ्यांच्या चुका समासात मांडल्या, स्वतःची कुठून काढायला सुरुवात करतात तेच मला ठाऊक नव्हतं. समोर नुसतं पीठ, त्यात एक चौकडीची साडी हलतेय, ती वन्संची, आणि लांब कोपऱ्यात एक आकृती उठून उभी राहिलेली, ती जुळारीण.

मी म्हटलं, "माझी."

आणि मागून वन्सं म्हणाल्या, "आहे."

छापलेला कागद माझ्या हातात दिला. मला काय दिसणार कपाळ? तरी शून्य आणि पाच यांच्या मधे टिंब होतंच, इमानदार कुत्र्यासारखं. मी तो कागद जुळारणीपुढे धरला. "बाई, तू बघ. तुला दिसेल ते सांग. मला दिसतं ते धरू नकोस."

तिनं बघितलं. "टिंब नाहीये, आजी." मग दुसरं प्रूफ शोधून आणलं. "हे बघा, ही तुमची शेपटी. मला वाटलं, आजी म्हणतात म्हणजे…" आणि थांबली.

मालक तापले. छापलेले गठ्ठे वाया! आता तेवढ्यात त्यांनी तिच्याकडे वळायचं काही कारण होतं? पण वळले. "तुला कळत नाही का आकड्यातलं टिंब उडवताना?" मी म्हटलं, "तिच्यावर ओरडू नका. ती पहिल्याच प्रुफाला म्हणाली होती टिंबं नाहीत. नव्हतीच. एक्केचाळीस माझी, अडतीस माझी, हे एक उडवलेलं तेही माझं. आणि शुक्रवारी मला संशय आला होता. तरी मी बोलले नाही. दुसरी बाई बघायचीच असेल तर माझ्या जागी बघा."



जुळारीण पडद्याकडे गेली. एक टिंब घातलं. टक, एवढाच आवाज. मग पाठमोरीच म्हणाली, "तुम्हाला संशय शुक्रवारी आला, पण गुरुवारी रात्रीच मी पोरांना सांगितलं होतं, आईची नोकरी बहुतेक जाणार, नवीन वह्या मागू नका." एवढंच. रागानं बोलली असती ना, तर माझ्याकडे दहा उत्तरं होती. रागानं नाही बोलली. मग वळली आणि म्हणाली, "आजी, तुमचा एक डोळा एवढा मोठा का झालाय? दवाखान्यातून पळून आलात? चला आधी, मी सोडते." वन्संना म्हणाली, "आत्या, तुम्ही बसा, पाणी प्या, जरा स्वल्पविराम घ्या." बघा, ही पोरगी आमची भाषा कधी शिकली ते आम्हाला कळलंही नाही!

लेझर झालं. डॉक्टर रागावले, पण चीर शिवली गेली. मी विचारलं, "टिंब?" म्हणाले, "ते नाही जायचं. चीर शिवली, टिंब राहील. सवय होईल हळूहळू." म्हणजे आता जन्माची सोबत. ह्यांच्याशीही तसंच झालं होतं म्हणा. सवय झाली हळूहळू.

तिची माफी मागायची राहिली होती. आता माफी मागायची मला सवय नाही, शब्द घशातच उलटे होतात, खिळ्यावरच्यासारखे. आमच्या धंद्यात एक खूण असते. चुकून काही खोडलं गेलं तर त्याच्याखाली टिंबं टिंबं द्यायची आणि समासात लिहायचं, 'राहू द्या'. मी ती दोन्ही जुनी प्रुफं घेऊन बसले. एकोणऐंशी शेपट्या. एकेकीखाली टिंबं दिली, खरी, माझ्या हातची, आणि एकेकीसमोर लिहिलं, राहू द्या. राहू द्या. राहू द्या. दोन दिवस लागले. गठ्ठा तिच्या टेबलावर ठेवला.

तिनं चाळला. "आजी, हे काय? इथे मुळात काही नव्हतंच. मग राहू काय द्यायचं?"

मी म्हटलं, "तू."

मालकांनी मला काढलं नाही. काढलं असतं तर मी गेले असते, पण निघताना दारावरची पाटी सुधारून! आता आम्ही तिघी बसतो. वन्सं वाचतात, मी बोट फिरवते, आणि जुळारीण माझ्या उजव्या हाताला खुर्ची घेऊन बसते. वन्सं म्हणतात, "पूर्णविराम." मी जुळारणीकडे बघते. "हा कुणाचा?" ती म्हणते, "पुस्तकाचा." कधी म्हणते, "तुमचा, आजी." तुमचा म्हटलं की मी पुढे जाते. वाद घालत नाही. वाईट वाटतं का? वाटतं तर. एकटीनं बघायची सवय होती, आता दिसलेलंही विचारून घ्यावं लागतं. पण एक गोष्ट या वयात कळली. इतकी वर्षं मी अवयवांची ऐट मिरवली, चेकला अवयव नाही म्हणून हिणवलं, आणि माझा अवयव माझ्याच तोंडावर खोटं बोलला! मग शेवटी कामाला काय आलं? दुसऱ्याचा डोळा. तिसऱ्याचा आवाज.

असो. झालं सांगून. इथे थांबते. आणि थांबले की टिंब येतंच, ते मला चांगलं ठळक दिसतंय. पण तुम्ही समोर बसलाच आहात तर बघा हो जरा, आहे का ते खरंच तिथे, की माझंच आहे? काय म्हणतात मेलं ते… हां. एकदा चेक करून घ्या.